वाण्याकडचा वाटाणा, गोड मटार आणि मेंडेलची सात जनुकं

घोडबंदर रोडच्या एका ताईंनी विचारलंय की मुलगी नववीत आहे, आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलबद्दल वाचल्यापासून मागे लागलीय की आपण पण बाल्कनीत वाटाण्याचा संकर करूया, तर वाण्याकडचा वाटाणा लावला तर चालेल का, फ्रोजन मटार गोड लागतो आणि कोरडा वाटाणा लागत नाही ते का, आणि मेंडेलने सगळं कधीच शोधून ठेवलंय तर आता शास्त्रज्ञ यात अजून काय शोधतायत. शेवटी वालावर हे करता येईल का तेही विचारलंय. माझी बरीच वर्षं कडधान्यांच्या ब्रीडिंगमध्ये गेलीत आणि आता खारघरला राहतो, त्यामुळे आपल्या या दमट हवेत काय जमतं तेही सांगतो. उत्तर लांब आहे, सावकाश वाचा.

आधी "अजून काय शोधतायत" हा प्रश्न घेतो, कारण तो नीट कळला तर मुलीचा प्रयोग कसा करायचा ते आपोआप ठरतं.

मेंडेलने १८५६ ते १८६३ ब्रनोच्या मठात वाटाणे लावले, १८६५ मध्ये निबंध वाचला, १८६६ मध्ये तो छापून आला. त्याच्या हातात होतं ते प्रमाण. दुसऱ्या पिढीचे ७,३२४ दाणे मोजले, त्यात ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळपास ३:१. पण दाणा सुरकुततो म्हणजे आत नक्की काय होतं हे त्याला कळायचा मार्गच नव्हता, डीएनए हा प्रकारच कुणाला माहीत नव्हता. त्याने सात गुण घेतले आणि त्या सातांमागची जनुकं एकेक करून सापडायला किती वेळ लागला बघा, पहिलं, सुरकुतलेल्या दाण्याचं, सापडलं १९९० मध्ये आणि शेवटची तीन २०२५ मध्ये. म्हणजे निबंध छापून जवळपास १६० वर्षं झाल्यावर. शाळेच्या पुस्तकात ३:१ लिहिलं की धडा संपतो, पण त्यामागचं जनुक नेमकं कुठे आणि कसं बिघडलंय ही या विषयातली खरी मजा आहे आणि शेतकऱ्याच्या उपयोगाचंही तेच आहे, म्हणून मुलीने नुसतं मोजण्यावर थांबू नये असं मला फार वाटतं.

आता गोड मटार, कारण तो थेट या पहिल्या जनुकाचा विषय आहे. गोल दाण्यात एक एन्झाइम असतं जे स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडतं. सुरकुतलेल्या दाण्यात त्या जनुकाच्या मध्येच डीएनएच्या साधारण ८०० अक्षरांचा एक उडता, म्हणजे जागा बदलत फिरणारा, तुकडा घुसून बसलाय, त्यामुळे एन्झाइम बनतच नाही. हे इंग्लंडमधल्या नॉरिचच्या जॉन इनेस संस्थेत सापडलं. आता पुढची साखळी बघा, स्टार्च नीट बनत नाही म्हणून साखर शिल्लक राहते, साखर जास्त म्हणून दाणा पाणी जास्त ओढतो, हिरवा असताना टम्म फुगतो, साल ताणली जाते, आणि वाळताना ते सगळं पाणी गेलं की आतला दाणा आकसतो आणि साल चुरगळते. म्हणजे गोडी आणि सुरकुती ही एकाच बिघाडाची दोन रूपं आहेत. गोल दाण्यात वाळल्यावर वजनाच्या साधारण निम्मा स्टार्च असतो, सुरकुतलेल्यात एक तृतीयांशच्या आसपास. फ्रोजनसाठी आणि भाजीसाठी सुरकुतलेल्या दाण्याच्या जाती लावतात, आणि आपण उसळीला भिजत घालतो तो पांढरा वाटाणा गोल दाण्याचा, शिवाय पूर्ण पिकून वाळलेला, म्हणजे होती ती साखरही स्टार्चमध्ये गेलेली. डायबेटिसवाल्या घरांसाठी एक सांगून ठेवतो, हा सुरकुतलेल्या दाण्याचा स्टार्च पचायला हळू असतो आणि जेवणानंतर साखर कमी चढते असं लंडनच्या इम्पिरियल कॉलेज आणि जॉन इनेसच्या लोकांनी २०२० मध्ये दाखवलंय.

बाकीचे गुण भराभर सांगतो. बुटकं झाड: जिबरेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक शेवटच्या पायरीला तयार करणारं एन्झाइम अर्धवट काम करतं, हे १९९७ मध्ये कळलं, डीएनएचं एकच अक्षर बदललंय. हिरवा दाणा: पिकताना हरितद्रव्य मोडून टाकायचं काम करणारं प्रथिन बिघडलंय म्हणून हिरवा रंग जातच नाही, हे २००७ चं. पांढरं फूल: रंगाची जनुकं चालू करणारं जे मुख्य जनुक आहे तेच एका अक्षराने बिघडलंय, २०१०. आणि २०२५ मध्ये चीनमधल्या शेनझेनच्या आणि जॉन इनेसच्या टीमने जवळपास ७०० प्रकारच्या वाटाण्यांचा डीएनए वाचून उरलेली तीन सोडवली. पिवळ्या शेंगेत हरितद्रव्य बनवणारं जनुक स्वतः शाबूत आहे, पण त्याच्या आधीच्या भागातला साधारण १ लाख अक्षरांचा तुकडा गळालाय आणि त्याने सगळा घोळ केलाय. चिमटलेल्या शेंगेला दोन वेगवेगळी जनुकं कारणीभूत निघाली, मेंडेलकडे त्यातलं कुठलं होतं कोण जाणे. आणि शेंड्याला एकत्र फुलं येणाऱ्या झाडात पाच अक्षरं गळालीत, पण तेवढ्याने भागत नाही, दुसऱ्या एका जागेचं जनुक त्या गुणाला दाबू शकतं. म्हणजे मेंडेलने निवडलेल्या साध्या सात गुणांतसुद्धा एक गुण तितका साधा नव्हता. मला हे वाचून खूप आनंद झाला होता, कारण शेतात आम्हाला नेहमी असंच दिसतं, एक जनुक एक गुण असं क्वचितच असतं.

बरं, आता बाल्कनी.

वाण्याकडे तीन वाटाणे मिळतात, पांढरा, हिरवा आणि काळा, आणि तिन्ही कामाचे आहेत. पांढऱ्याच्या आतली डाळ पिवळी, हिरव्याची हिरवी, हा मेंडेलचाच एक गुण झाला. काळा वाटाणा, ज्याची आपण मालवणी उसळ करतो, त्याच्या सालीत रंग आहे आणि मेंडेलने लिहूनच ठेवलंय की रंगीत साल आणि जांभळं फूल बरोबर येतात, त्यामुळे काळा वाटाणा लावलात तर फुलं जांभळी येतील, पांढऱ्याची आणि हिरव्याची पांढरी. सुरकुतलेला दाणा मात्र वाण्याकडे नाही मिळणार, त्यासाठी बियाण्याच्या दुकानातून अर्केलचं पाकीट घ्या, ही जुनी लवकर येणारी बुटकी जात आहे आणि दाणा छान सुरकुतलेला असतो. पाकिटातल्या बियांना बहुतेक वेळा रंगीत बुरशीनाशक लावलेलं असतं, हात धुवायला सांगा आणि उरलेल्या बिया स्वयंपाकघरात ठेवू नका. वाण्याकडचा वाटाणा जुना असू शकतो म्हणून आधी मूठभर ओल्या फडक्यात बांधून बघा किती मोड येतात ते. उंच-बुटका हा गुण पांढऱ्या वाटाण्यावर करायला जाऊ नका, त्यात बाहेरून आलेला माल बराच असतो आणि कॅनडाकडच्या नव्या जाती बहुतेक बुटक्या आणि पानांऐवजी नुसते तणावेच तणावे, म्हणजे आधार धरणारे दोरे, असलेल्या असतात. तसं झाड उगवलं तर उपटू नका हं, तो पण एक सुंदर म्युटंट, म्हणजे जनुक बदललेलं झाड, आहे, फिनलंडमध्ये १९५३ साली नोंदलेला, झाडं एकमेकांना तणाव्यांनी धरून उभी राहतात म्हणून पीक लोळत नाही आणि मशीनने काढता येतं. त्यामागची दोन शेजारची जनुकं गळालीत हेही आता कुठे २०२४ मध्ये छापून आलं.

हवा हा आपल्याकडचा खरा अडथळा. वाटाण्याला १५ ते २० अंश आवडतं, ३० च्या वर फुलं गळतात, आणि ठाण्यात जानेवारीत पण दुपारी ३० होतंच. म्हणून ऑक्टोबरचा उकाडा पूर्ण जाऊ द्या, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरा म्हणजे फुलं डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत येतील. काळा आणि पांढरा वाटाणा फुलायला अर्केलपेक्षा उशीर लावू शकतात म्हणून त्यांची थोडी पेर आठ-दहा दिवस आधी आणि अर्केलची दर आठवड्याला थोडी थोडी अशी करा, नाहीतर एकाची फुलं संपतात तेव्हा दुसऱ्याची सुरू होतात. कुंडीत नुसतं कोकोपीट भरू नका, माती हवीच, आणि कृषी सेवा केंद्रात वाटाण्याचं रायझोबियम, म्हणजे झाडाला हवेतलं नत्र मिळवून देणारे जिवाणू, मिळालं तर बियांना चोळा कारण बिल्डिंगमधल्या मातीत ते असेलच असं नाही, ते चोळलं की मुळांवर गाठी येतात, त्या पण मुलीला दाखवा. युरिया टाकू नका. आणि कबुतरं! कोवळे कोंब सगळ्यात आधी तीच खातात, जाळी आधी लावा मग पेरा. जानेवारीच्या शेवटी पानांवर पांढरी भुरी (बुरशीचा रोग) येईल, त्याबद्दल पुढे सांगतो.

संकर करताना आई कुठली घ्यायची हे महत्त्वाचं आहे आणि बहुतेक जण इथेच विचार करत नाहीत. आई नेहमी दबणाऱ्या गुणाची घ्या, म्हणजे सुरकुतलेला अर्केल आई आणि पांढरा गोल वाटाणा बाप. का, तर संकर जमला असेल तर त्याच शेंगेत दाणे गोल येतील, आणि चुकून स्वतःचंच परागण झालं असेल तर सुरकुतलेले येतील, लगेच कळतं. उलट केलंत तर दोन्ही वेळा गोलच, काहीच कळत नाही. अर्केलच्या दाण्याची साल सोलून आत बघा, हिरवा निघाला तर डाळीचा रंगही याच संकरात दिसेल. वाटाण्याचं फूल उघडायच्या आधीच आतल्या आत परागण उरकतं, म्हणून पाकळ्या निदलांच्या जेमतेम बाहेर डोकावतायत अशी कळी धरायची, पुढची होडीसारखी पाकळी सुईने हळूच चिरायची आणि दहाच्या दहा पुंकेसर चिमट्याने काढायचे, पिवळी धूळ दिसली तर ती कळी सोडून द्या, उशीर झालाय. मग बापाच्या झाडाचं ताजं उघडलेलं फूल घेऊन त्याची धूळ आईच्या फुलातल्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावायची, रंगीत दोरा बांधायचा, वहीत तारीख. सकाळी करा. निम्म्या कळ्या गळतील, त्यात मुलीचा काही दोष नाही, नवीन हाताला असंच होतं म्हणून भरपूर कळ्या करा.

एक गोष्ट नीट समजावून सांगा तिला. दाण्याचा आकार आणि डाळीचा रंग हा आतल्या बाळाचा गुण आहे, तो त्याच शेंगेत दिसतो. पण दाण्याची साल आईची असते. त्यामुळे अर्केल आई आणि काळा वाटाणा बाप असा संकर केला तर दाण्याची साल पांढरीच राहील आणि तिला वाटेल फसलं, फसलेलं नसतं, ते दाणे लावले की येणाऱ्या झाडाला जांभळी फुलं येतील.

३:१ बघायला अजून एक पिढी लागते. पहिल्या संकराचे दाणे लावायचे, त्या झाडांच्या शेंगा वाळवायच्या आणि उघडायच्या, एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेले दाणे शेजारी शेजारी बसलेले दिसतात, ते दृश्य मी कितीदा तरी पाहिलंय आणि अजूनही बघावंसं वाटतं. इथे त्यासाठी पुढच्या नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागेल, पण पुरंदर-सासवडकडे कुणी नातेवाईक असतील तर तिकडे पावसाळ्यात वाटाणा लावतात, जूनमध्ये दाणे द्या पाठवून, गणपतीनंतर हातात येतील. ब्रीडर लोक आता बंद खोलीत रोज २२ तास लाइट लावून वाटाण्याच्या आणि हरभऱ्याच्या वर्षाला सहापर्यंत पिढ्या काढतात, पण घरी त्याची काही गरज नाही. मोजताना प्रमाण बरोबर आलं नाही तर आकडे ओढूनताणून बसवू देऊ नका. मेंडेलच्या एका झाडाला ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले आले होते, दुसऱ्या एका झाडाला १४ गोल आणि १५ सुरकुतलेले, आणि त्याने ते तसंच लिहिलंय. सगळ्या झाडांचे दाणे एकत्र करून मोजा.

आता जनुकाचं काम डोळ्यांनी बघायचे तीन प्रयोग, यांना पिढी वगैरे लागत नाही, याच हिवाळ्यात होतील. पहिला, वाळलेला गोल आणि सुरकुतलेला दाणा भिजवून आतलं खरवडून काचेवर घ्या, पाण्यात पातळ केलेल्या आयोडीनचा थेंब टाका आणि शाळेच्या मायक्रोस्कोपखाली बघा. गोल दाण्यातले स्टार्चचे कण मोठे, लांबट, एकसंध दिसतात आणि सुरकुतलेल्यातले तुकडे तुकडे झालेले. पुढे संकराचे दाणे हातात आले की त्यातलाही एक बघा, बाहेरून तो पूर्ण गोल असतो पण आतले कण मधलेच कसले तरी असतात, धड इकडचे नाहीत धड तिकडचे नाहीत. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला एक गुण दुसऱ्याला पूर्ण दाबतो असं वाटतं पण आत बघितलं तर तसं नसतं, हे १९०८ मध्येच डार्बिशर नावाच्या शास्त्रज्ञाने नोंदवलंय. माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमध्ये हे सगळ्यात मोलाचं आहे. दुसरा, पांढऱ्या आणि हिरव्या वाटाण्याच्या झाडाची पानं तोडून ओल्या कागदात गुंडाळून आठवडाभर अंधारात ठेवा, पांढऱ्याचं पान पिवळं पडेल, हिरव्याचं बराच काळ हिरवं राहील, दाण्यातलं तेच जनुक पानातही काम करतं. तिसरा, नाशिकचे द्राक्षवाले वापरतात ते जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, कुणाकडून चिमूटभर मिळालं तर अगदी पातळ द्रावण अर्केलच्या दोन-तीन रोपांवर फवारा, बाकीच्यांवर नुसतं पाणी. बुटकी रोपं सरसर वाढतील, कारण त्यांना जे बनवता येत नाही ते तुम्ही बाहेरून दिलंत.

आणि याचा शेतीला उपयोग काय. मगाशी भुरी म्हणालो ना, काही वाटाण्यांवर ती येतच नाही. तिथेही एक जनुक बिघडलेलंच आहे, ते चांगलं असताना बुरशीला झाडात शिरायला त्याचा आधार मिळतो, ते मोडलं की बुरशीला दार बंद. म्हणजे बिघाड दरवेळी वाईटच असतो असं नाही. दुसरं उदाहरण शेंगदाण्याचं, तोही याच कुळातला. त्याच्या तेलातलं ओलिक आम्ल वाढवायचं तर त्याचं पुढे रूपांतर करणारं जनुक बंद पाडायचं, पण भुईमुगात दोन वेगवेगळ्या पूर्वजांकडून आलेली गुणसूत्रं आहेत आणि दोन्हीकडे या जनुकाची प्रत आहे, एक मोडून भागत नाही. दोन्ही मोडलेल्या एकत्र आणून गिरनार-४ आणि गिरनार-५ हे वाण २०२० मध्ये आले, ओलिक ८० टक्क्यांच्या आसपास, आणि असं तेल लवकर खवट होत नाही. इथे नेमकी म्युटेशन माहीत असल्याचा फायदा असा की रोप लहान असतानाच पानाचा तुकडा तपासून नको ती रोपं काढून टाकता येतात, पूर्वी शेंगा येईपर्यंत थांबून मग तेल काढून बघावं लागायचं.

हरभऱ्यात लवकर फुलण्यामागे जे जनुक आहे तेच वाटाण्यात आणि मसुरीतही आहे, तिन्हीकडे ते स्वतंत्रपणे बदललं आणि माणसाने तिन्हीकडे ते निवडलं. म्हणून एका पिकात सापडलं की दुसऱ्यात कुठे शोधायचं ते कळतं. दुष्काळाला तोंड देणं मात्र असं एका जनुकाचं काम नाही. हरभऱ्याच्या चौथ्या गुणसूत्रावरचा एक अख्खा पट्टा, ज्याचा मुळांच्या वाढीशी संबंध आहे, तो एका जुन्या वाणातून उचलून दुसऱ्यात आणला आणि पुसा १०२१६ हा वाण २०१९ मध्ये दिला. तुरीचं तर अजून वेगळं, तिचं परागण मधमाश्यांमुळे थोडंफार बाहेरून होतं, वाण शुद्ध ठेवणंच कठीण, पण त्याचाच फायदा घेऊन हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने तुरीचा हायब्रीड काढला. तुरीचा आणि हरभऱ्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २०११ ते २०१३ मध्ये वाचून झाला, आणि वाटाण्याचा, ज्याच्यावर हे सगळं शास्त्र उभं राहिलं, त्याचा २०१९ मध्ये, कारण तो प्रचंड आहे, हरभऱ्याच्या जवळपास सहापट, बराचसा उड्या मारणाऱ्या तुकड्यांनीच भरलेला. मुलीला हे खाडीपलीकडे ट्रॉम्बेला काय चालतं ते पण सांगा, भाभा अणु संशोधन केंद्रात गॅमा किरण देऊन कडधान्यांत मुद्दाम म्युटेशन घडवतात, टीएयू-१ हा उडीद तिथलाच, महाराष्ट्रात खूप लावला गेला.

राहता राहिला वाल. आपल्या पनवेल-पेण-उरण भागात भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर होणारा कडवा वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, म्हणून तो हिवाळ्यातच येतो आणि आपल्याकडे पोपटीही, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, त्याच दिवसांत लागते. हवेच्या दृष्टीने तो ठाण्यात वाटाण्यापेक्षा कितीतरी सुखात वाढेल. पण संकराला फूल नाजूक, कळ्या फार गळतात, आणि सुरकुतलेला-गोल असा लगेच दाण्यात दिसणारा गुण त्यात नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी संकर वाटाण्यातच करू दे. वालाचे मात्र वेगवेगळ्या गावांचे दाणे गोळा करून लावा, दापोली विद्यापीठाचे कोकण वाल मिळाले तर तेही शेजारी लावा, आणि फुलाचा रंग, पहिलं फूल कधी आलं, शेंगेत दाणे किती एवढं लिहून ठेवा. वालाचा चांगला जीनोम २०२३ मध्ये आलाय, पण आपल्या गावठी वालात काय काय फरक आहेत हे गावागावातून फिरून लिहिलेलं फार थोडं आहे, आणि २०२५ ची ती तीन जनुकं सुद्धा कुणीतरी जुने वाटाणे जपून ठेवले होते म्हणूनच सापडली. बिया कागदी पाकिटात, वर गावाचं नाव आणि वर्ष लिहून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, भुंगा लागणार नाही.

अर्केलचं पाकीट घेताना मागे चाचणीची तारीख बघून घ्या, आणि कळ्या यायला लागल्या की चिमटा कसा धरायचा ते विचारा, तेव्हा कळ्यांचे फोटो टाकलेत तर कुठली घ्यायची ते सांगतो.